चौसष्टवर सहा मिनिटं

बसा. नाही, त्या खुर्चीत नको, ती कोटाची खुर्ची आहे. इकडे खिडकीजवळ बसा. दिवा लावते. आज ढगांनी भर दुपारी अंधारून आणलंय, आणि अशा उजेडात ही गोष्ट सांगायला मला तरी दिवा लागतो.

हे विचारणाऱ्या तुम्ही तिसऱ्या. वीस वर्षं माझ्या फोटोंत पुढच्या चमच्यापासून मागच्या पडद्याच्या विणीपर्यंत सगळं लख्ख असायचं, आणि आता एका सफरचंदाचा देठ तेवढा स्पष्ट, बाकी नुसतं धुकं, हे कसं काय? एका समीक्षकाने तर लिहिलं, की या बाईंना उतारवयात अस्पष्टतेतलं सौंदर्य गवसलंय. ते कात्रण मी जपून ठेवलंय. सौंदर्य कसलं डोंबलाचं! आणि उतारवय म्हणे. मी सेहेचाळीस वर्षांची आहे. मला भीती वाटते. लेन्सचं छिद्र बारीक करायची भीती वाटते, एवढंच.

हा तो कॅमेरा. पुढे लेन्स, मागे दुधी काच आणि मध्ये हा घडीघडीचा भाता. डोक्यावर काळा कपडा घ्यायचा आणि काचेत बघायचं. काचेवर जग उलटं दिसतं, टेबल वर आणि छत खाली. भुतांचे पाय उलटे असतात म्हणतात, पण या काचेवर भल्या माणसांचेही पाय वरच असतात. तेव्हा ती खूण इथे कामाची नाही.

या कॅमेऱ्याची खोड अशी, की टेबलावरच्या पुढच्या वस्तूवर नजर धरली की मागची पुसट होते आणि मागचीवर धरली की पुढची रुसते. म्हणून आधी सगळ्यात पुढची वस्तू स्पष्ट करायची आणि खालच्या पट्टीवर पेन्सिलीने खूण करायची. मग सगळ्यात मागची स्पष्ट करून दुसरी खूण. भाता दोन खुणांच्या मध्ये आणून ठेवायचा, लेन्स थोडी पुढे झुकवायची आणि छिद्र बारीक करत न्यायचं. छिद्र जितकं बारीक, तितकं पुढचं आणि मागचं स्पष्ट होत जातं. माझ्या लेन्सवर सगळ्यात बारीक छिद्राचा आकडा चौसष्ट. पण चौसष्टवर उजेड इतका कमी येतो, की फिल्मला मिनिटंच्या मिनिटं ताटकळत ठेवावं लागतं, आणि काचेवर तर काळोखच. त्या काळोखात मागची वस्तू दिसावी म्हणून तिच्याशेजारी कुणीतरी छोटा टॉर्च धरून उभं राहावं लागतं. टॉर्चचा ठिपका काचेवर टाचणीच्या टोकाएवढा झाला, की समजायचं, झालं काम.

बारा वर्षं माझा टॉर्च धरायचे काका. म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. ती दोघं इथेच खालच्या मजल्यावर राहायची. मावशी अजून राहते.

काकांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर उरलेलं सगळं जग दुरुस्त करायला घेतलं. त्यांना एकच रोग होता, स्वस्थ न बसण्याचा. दोन मिनिटं टॉर्च धरायला सांगितलं, तर त्यातल्या दीड मिनिटात ते दुसऱ्या हाताने खुर्चीचा स्क्रू पिळायचे. त्यांचा एक धड फोटो नाही. लग्नातल्या फोटोत ते वर पंख्याकडे बघताहेत, का, तर पंखा खरखरत होता. ओळखपत्रावरच्या फोटोत कुणी फरार इसम वाटतात. मी, त्यांची सख्ख्या मुलीसारखी भाची, पोटापाण्यासाठी फोटो काढणारी, माझ्याकडेही त्यांचे अकरा फोटो आणि अकराच्या अकरा हललेले.

ते जागच्या जागी थिजायचे एकाच वेळी, मावशी बोलायला लागली की. हातात पाना असेल तर पाना तसाच हवेत. मावशीचं बोलणं संपेपर्यंत डोळ्याची पापणी लवायची नाही. मावशी थांबली की हे पुन्हा सुरू.

गेले तेही तसेच. छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, चोवीस तास नुसतं पडून राहायचं. मावशी पहारेकऱ्यासारखी बसून होती आणि तिच्या धाकाने काका एकोणीस तास पडून राहिले. मग ती तासाभरासाठी कपडे आणायला घरी आली. तेवढ्यात हे उठले. शेजारच्या पेशंटच्या पलंगाचं चाक करकरत होतं, ते बघायला वाकले आणि तिथेच...

चाक मात्र दुरुस्त झालं होतं. नर्सने सांगितलं.

त्यानंतर चौदा महिन्यांनी मावशी जिना चढून वर आली. मावशी कधी वर येत नाही, खालूनच हाक मारते. त्या दिवशी आली आणि स्टुलावर गप्प बसली. मावशी गप्प बसली म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे आमच्या घरातल्या मांजरालासुद्धा कळतं.

"चिमणे," ती म्हणाली. सेहेचाळिसाव्या वर्षीही मी तिला चिमणीच. "मला त्यांचा चेहरा आठवत नाही गं."

"असं कसं होईल मावशी?"

"होतंय. डोळे मिटले की भिंतीवरचा तो हललेला फोटोच येतो पुढे. तोंडाच्या जागी पुसल्यासारखं. अडतीस वर्षं समोर बसून जेवले मी त्या माणसाच्या, आणि आता नाक कसं होतं विचारलंस तर सांगता येत नाही. मिशी आठवते, पण मिशीच्या वर काय होतं?"

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिने पिशवी उघडून माझ्या टेबलावर रिकामी केली. काकांचा चष्मा. स्क्रूंचा पत्र्याचा डबा. दाढीचा ब्रश. मोडकी मोजपट्टी. तो टॉर्च. आणि शेवटी घडी घातलेला करडा कोट.

"यांचा एक फोटो काढ. पण सगळं स्पष्ट हवं हं, चष्म्याच्या काडीपासून कोटाच्या शेवटच्या बटणापर्यंत. ते स्वतः तर हललेच, निदान त्यांच्या वस्तू तरी हलू देऊ नकोस."

हे काम मी मनावर घेतलं. टेबलावर सगळ्यात पुढे चष्मा ठेवला, त्यामागे डबा, ब्रश, मोजपट्टी आणि टॉर्च. टॉर्चमधले सेल मीच काढून टाकले होते, गळून खराब करतील म्हणून. टेबलामागे ही खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीवर कोट. कोटामागे दोन हात जागा सोडून भिंत. दिवस असाच होता, ढगाळ, दुपारचे बारा वाजलेले, खिडकीतून राखाडी, सारखा उजेड. स्थिर वस्तूंच्या फोटोला याहून चांगला उजेड नाही. भुताखेतांना रात्र लागते अशी माझी समजूत होती, म्हणून मी अगदी निर्धास्त. डोक्यावर घ्यायचा काळा कपडा म्हणजे एका माणसापुरती रात्रच असते, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

कपड्याखाली शिरले. आत नेहमीचा वास होता, जुन्या कापडाचा आणि माझ्याच श्वासाचा. चष्मा स्पष्ट केला, पट्टीवर खूण केली. कोट स्पष्ट केला, दुसरी खूण केली. मग सवयीने भाता सरकवायचं चाक अजून थोडं फिरवलं, भिंतीचा पोत किती पुढे येतो ते बघायला. भिंतीचा गिलावा स्पष्ट झाला. आणखी थोडं फिरवलं. आता काचेवर सगळंच पुसट व्हायला हवं होतं, कारण भिंतीच्या पलीकडे माझ्या कॅमेऱ्याला बघण्यासारखं काही नाही.

तिथे एक ठिपका स्पष्ट झाला. टाचणीच्या टोकाएवढा, पिवळसर.

आता माझा मूर्खपणा ऐका. बारा वर्षांची सवय. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "थोडं डावीकडे, काका."

ठिपका काचेवर उजवीकडे सरकला.

म्हणजे बरोबर डावीकडे. काचेवर डावं-उजवंही उलटं असतं ना.

"बास, बास," मी म्हटलं. पट्टीवर तिसरी खूणसुद्धा केली. आणि मग माझ्या डोक्यात हळूहळू उजाडलं, की काका तर...

कपड्यातून बाहेर कशी आले ते मला आठवत नाही, पण स्टूल आडवं झालेलं होतं. समोर टेबल, खुर्ची, कोट, भिंत. टॉर्च टेबलावर, सेलांविना, जसाच्या तसा. खोलीत कोणी नाही. माझ्या हातात पेन्सिल तशीच.

माणसाने अशा वेळी डोकं शांत ठेवून शास्त्रीय विचार करावा. मी केला. भिंतीपलीकडे दंतवैद्याचा दवाखाना आहे. दंतवैद्याकडे दिवे असतात. भिंतीला कुठेतरी भोक असणार आणि दिवा त्यातून येत असणार. मी थेट त्याच्या दवाखान्यात गेले. पेशंट कोणी नव्हता, स्वारी पेपर वाचत बसली होती.

"तुमच्या बाजूने भिंतीला भोक आहे का?" मी विचारलं.

त्याने चष्म्यावरून बघितलं. "ताई, भोकं बुजवणं हाच माझा धंदा आहे. असतं तर ठेवलं असतं का?"

भिंत दोन्हीकडून धडधाकट होती. मी टेप लावून मापही घेतलं. पट्टीवरच्या तिसऱ्या खुणेचा हिशेब भिंतीच्या पलीकडे सव्वादोन फुटांवर येत होता. तिथे दंतवैद्याचं वाट बघायचं बाकडं होतं. रिकामं.

"आज कोणी आलं होतं का इथे?"

"सकाळपासून चिटपाखरू नाही," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "पण ताई, सारखं वाटतं हो, बाहेर कोणीतरी बसलंय. 'या आत' म्हणून दोनदा हाक मारली मी."

मी परत आले. खरं तर जिना उतरून मावशीकडे जायला हवं होतं, पण काम अर्धवट सोडलं की माझ्या पोटात दुखतं. शिवाय भीतीपेक्षा राग जास्त आला होता. आयुष्यभर या माणसाने माझ्या फोटोंत लुडबुड केली, आता मेल्यावरही? पुन्हा कपड्याखाली शिरले. ठिपका होता. मी आवाज जरा चढवला.

"काका, तिथे मला तुम्ही शार्प मिळणार नाही. इतकं मागचं पकडायला गेले तर चष्मा हातचा जाईल. पुढे या. कोटापाशी."

ठिपका विझला. खोलीत यंत्राच्या तेलाचा वास आला, लिफ्टच्या तेलाचा. मग कोटाची बाही काचेवर किंचित हलली आणि खुर्ची करकरली.

बत्तीसच्या छिद्रावर एक फोटो घेतला. डार्करूममध्ये धुतला. खुर्चीत, कोटाच्या आत, एक फिकट पट्टा उमटला होता. डोकं म्हणावं तर डोकं, धूर म्हणावं तर धूर. दुसरं कोणी म्हणालं असतं, फोकस चुकलाय. पण फोकस चुकला की वस्तू सगळ्या बाजूंनी सारखी फुगते. हा पट्टा एकाच दिशेला ओढला गेला होता, डावीकडून उजवीकडे आणि परत. हे फोकस चुकणं नव्हतं. हे हलणं होतं. असे अकरा फोटो माझ्याकडे आधीच होते.

मी डार्करूमच्या फरशीवर बसले आणि रडले. भीतीने की कशाने, सांगता येणार नाही. काकांची मला फार आठवण यायची.

मग मी खाली गेले.

"मावशी, वर चल. आणि घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू? मांजराने काही सांडलं का?"

सांगितलं तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. नंतर गुडघे धरत जिना चढली आणि मी तिच्या डोक्यावर काळा कपडा टाकला. लेन्स पूर्ण उघडी होती, काच उजळ.

"हे उलटे का टांगलेत?" तिने विचारलं.

"सगळंच उलटं दिसतं मावशी. कॅमेराच तसा आहे."

"पाय हलवतायत." तिचा आवाज बारीक झाला. "डावा पाय. असाच हलवायचे जेवताना. ताटातली आमटी डुचमळायची." आणि कपड्याखालून एक हुंदका आला. "पण तोंड कुठाय गं चिमणे? तोंड दिसत नाही. पुसल्यासारखंच आहे."

"कारण ते हलताहेत. कोटात नुसतं डोकं इकडून तिकडे चाललंय."

मी तिला हिशेब सांगितला. चष्म्यापासून काकांच्या चेहऱ्यापर्यंत सगळं स्पष्ट हवं तर चौसष्टच लागणार. लेन्स झुकवून बघितली होती. झुकवली की स्पष्टतेची पातळी टेबलाला धरून निजते आणि चेहरा तिच्या बाहेर, वर राहून पुसट होतो. शिवाय काका लेन्स हलली रे हलली की काय हललं ते बघायला टेबलाखाली वाकायचे. तेव्हा झुकवणं रद्द. चौसष्ट म्हणजे या उजेडात सहा मिनिटं. सहा मिनिटं काकांनी हलता कामा नये.

"सहा मिनिटं?" मावशी म्हणाली. "अगं, हा माणूस सहा सेकंद..."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दोघींच्या मनात एकच आलं.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "चौदा महिन्यांनी भेटतायत आणि मी त्यांना रागवू?"

"दुसऱ्या कशाने ते कधी थांबलेत?"

मावशीने डोळे पुसले, पदर खोचला आणि कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. समोर रिकामी खुर्ची आणि तिच्यावर कोट, उघड्या डोळ्यांना एवढंच. मी फिल्म चढवली, छिद्र चौसष्टवर नेलं. मावशीला खूण केली आणि शटर उघडलं.

"बसा नीट!" मावशी कडाडली. मीच दचकले. "ओला टॉवेल गादीवर टाकायची कुठली रीत? अडतीस वर्षं सांगतेय. मिक्सर उघडलात, परत लावलात, चार स्क्रू उरले ते कुठले होते? अजून तो मिक्सर लावला की स्वयंपाकघरभर फिरतो! दूध आणायला गेलात ते तीन तासांनी आलात, कुणाची तरी मोडकी खुर्ची घेऊन. दूध कुठाय विचारलं तर म्हणे, कसलं दूध!"

खोलीतलं करकरणं थांबलं. तेलाचा वास जागच्या जागी दाटून राहिला. घड्याळात एक मिनिट झालं. दोन झाली. मावशीला तहान लागेना की धाप लागेना. तिच्या बहिणीच्या नवऱ्यासमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर, काकांनी एकोणीस वर्षांपूर्वी तिचा काय अपमान केला होता तोही निघाला. चौथ्या मिनिटाला तक्रारी संपत आल्या. टॉवेल पुन्हा आला. मग मिक्सर पुन्हा आला. पाचव्या मिनिटाला मावशी थांबली.

मी हातवारे केले, बोल, बोल! खुर्चीने बारीकसा आवाज केला... कुणीतरी पाय उचलणार असल्यासारखा.

"मी तासाभरासाठी गेले होते," मावशी एकदम हळू आवाजात म्हणाली. "एक तास. कपडे आणायला. तुम्हाला एक तास नाही राहवलं? त्या मेल्या चाकाने काय घोडं मारलं होतं तुमचं? मी असते तर एक हाक मारली असती. एका हाकेचं काम होतं हो. मी रोज तेच म्हणते, एक हाक..." तिने नाक पुसलं. "आता तुमचं तोंडही आठवत नाही मला. माझ्याकडे बघा. इकडे बघा जरा."

कसलाही आवाज नव्हता. पंखा, रस्ता, दंतवैद्याचं यंत्र, काही नाही. मी घड्याळाकडे बघत होते पण काटा मला दिसत नव्हता, डोळे भरून आले होते. अंदाजाने शटर बंद केलं.

"झालं," मी म्हटलं.

खुर्ची एकदा करकरली आणि तेलाचा वास निघून गेला.

फोटो धुताना मावशी डार्करूमच्या दाराबाहेर बसून होती. प्रिंट ट्रेमध्ये हलवत होते तसा आधी चष्मा आला, मग डबा, त्यावरचा गंज, ब्रशचा केसन् केस. मग कोट. आणि कोटात काका. नाक, कपाळावरची आठी, उजव्या भुवईवरची जुनी खोक. सरळ, कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघत होते, जिथे मावशी उभी होती तिथे. इतका टोकदार चेहरा मी जन्मात काढला नव्हता. त्यांच्या हातात टॉर्च होता, लावलेला. आणि टेबलावर, जिथे आम्ही दोघींनी सहा मिनिटं टॉर्च पडलेला बघितला होता, तिथे फोटोत नुसती रिकामी जागा.

मावशीने प्रिंट दोन्ही हातांनी धरली. कितीतरी वेळ बघत राहिली. मी वाट बघत होते, आता रडेल.

"दुसरं बटण," ती म्हणाली. "उघडंच आहे. हजारदा सांगितलं होतं." आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी चौदा महिन्यांत बघितलं नव्हतं. भिंतीवरचा जुना फोटो तिने त्याच दिवशी उतरवला. आता रोज सकाळी नव्या फोटोला बटणावरून बोलते.

इथे गोष्ट संपली असती तर मी आजही चौसष्टवर फोटो काढत असते.

पण मावशीला जी प्रिंट दिली ती मी कापून दिली होती, काकांपुरती. अख्खा फोटो त्या कपाटात आहे. नाही, दाखवणार नाही. सांगते. चौसष्टवर मागचंही स्पष्ट येतं ना. हिशेबाने भिंत यायला हवी होती, आणि भिंत आलेली नाही. भिंतीच्या जागी एक बाकडं आहे आणि बाकड्यावर माणसं. ओळीने, शिस्तीत बसलेली, नंबर लागायची वाट बघत असल्यासारखी. पहिल्या गृहस्थाने भांग पाडलाय. एक बाई पदर सारखा करतेय. बातमी कशी पसरते बघा, एकाचा फोटो काढला की सगळी आळी दारात उभी!

तेव्हा मला हसू आलं होतं, खरंच. मग भिंग लावून एकेक चेहरा बघत गेले. ओळखीचं कोणी नव्हतं. फक्त ओळीत शेवटी एकजण होतं, ज्याचा चेहरा दिसत नव्हता. डोक्यावरून काळा कपडा घेतलेला, कमरेपर्यंत. कॅमेऱ्याचा. असा कपडा घेऊन बसणारं माणूस या गावात एकच आहे.

माझी पाचावर धारण बसली. पण नीट बघितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. त्या कपड्याला वर, टाळूपाशी, एक ठिगळ होतं. मोठ्या मोठ्या फुलांचं, पाच पाकळ्यांची फुलं, बरोबर तीन. माझ्या कपड्याला ठिगळ नव्हतं. म्हणजे मी नव्हे. दुसरी कोणीतरी फोटोग्राफर. बिचारी.

तेव्हापासून मी छिद्र उघडंच ठेवते. एक देठ स्पष्ट आणि मागचं सगळं धुक्यात. धुक्यात कोण बसलंय, ओळ किती पुढे सरकलीय, ते मला बघायचं नाही. समीक्षकांना काय लिहायचं ते लिहू दे.

तुमचा फोटो? काढते की. त्या स्टुलावर बसा, हनुवटी जरा वर. माझा कपडा द्या बरं इकडे, तुमच्या मागे खुंटीवर आहे. परवा स्टँडच्या खिळ्याला अडकून टरकन फाटला, अगदी डोक्यावर. मावशी खाली घेऊन गेली होती शिवायला, आत्ता सकाळीच आणून टांगलाय. मी अजून बघितलासुद्धा नाही. जिन्यातूनच ओरडत होती, "काळं कापड मिळालं नाही गं चिमणे, माझ्या नव्या गाऊनचं लावलंय. असू दे, तुझ्या डोक्यावर कोण बघायला बसलंय!"

...द्या ना इकडे. अशा काय बघताय त्याच्याकडे?